बिनवासाच्या रंगातला सासरा

...आन तुम्ही बी तेच इचारणार, मला माहीत हाये! "काच काहून न्हाई लावली?" ज्याला भेटावं त्याचं एकच! आष्टीच्या स्टँडवर कंडक्टर इचारतो, भोकरदनला कटिंगवाला इचारतो, तो बी मपला अर्धा गाल फेसात ठेवून, आन मपली सोताची बायको, जिच्या बापाचं हे चित्र, ती तर दिवसातून तीनदा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवणानंतर, डॉक्टरनं लिहून दिल्यावाणी! "काच लावली असती तर?" अरे लावली असती तर लावली असती! न्हाई लावली! आता काय मलाच फ्रेममधी घालून वरून काच ठोकता? तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून ऐका, मंग ठरवा चूक कोणाची. मपली निघाली तर मपल्या तोंडावर सांगा. लोकं तसं बी सांगूनच राह्यलेत.

मी भारत पेंटर. 'भारत आर्ट्स, भोकरदन.' तीस वर्षं बोर्ड रंगवले. बियाण्याची दुकानं, दवाखाने, रसवंत्या, शाळेच्या भिंती, 'येथे लघवी करू नये', 'येथे लघवी करावी', सगळं! स्टँडच्या मुतारीवर 'पुरुष' लिहिलेलं हाये ना? ते मपलं. एकोणीस वर्षं झाली. ऊन खाल्लं, पाणी खाल्लं, बाकी बी काय काय खाल्लं असंल, पण एक काना इकडचा तिकडं न्हाई! ऑइलपेंट म्हणजे ऑइलपेंट! मंग ते फ्लेक्स आलं, मशीन घरघर करती आन पाच मिनटात बोर्ड बाहेर, मपला धंदा बसला तो बसलाच. ठीक हाये, बसला. मी बी बसलो.

आता सासरा सांगतो. जगन्नाथमामा. सासऱ्याला आमच्यात मामाच म्हणतेत. गाव आष्टी, परतूर तालुका, पण जिंदगी गेली अंकुशनगरला, कारखान्यात, काट्यावर. उसाच्या गाड्या मोजायच्या आन पाचट, म्हणजे वाळला पाला, वजा करायचं. हे काम माणसानं तीस वर्षं केलं की काय होतं? माणूस समोर आला की मामा त्याला खालून वर बघायचे, मनातल्या मनात वजन करायचे आन त्यातलं पाचट वजा करायचे. मला बघितलं की नुसतं पाचटच निघायचं! लग्नाला चोवीस वर्षं झाली. आठ वेळा धोंड्याचा महिना आला, आठ वेळा जावयाला जेवायला बोलावलं, ताट, समई, रांगोळी, अनारसे, सगळं! आन मी पाटावर टेकणार, तेवढ्यात मामा नाकाला उपरणं लावायचे. "जावईबापू, तुम्ही जरा दाराकडं सरका. वारं येतं तिथं." का? तर मपल्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणे! सगळी पंगत आत, आन जावई दारात! एका धोंड्याला तर कुत्रं आन मी समोरासमोर बसून जेवलो, आन खोटं कशाला बोलू, वाढणारीनं त्याला आधी वाढलं.

वरून चारचौघात काय म्हणायचे? "जावयाचा रंग दुकानाला टिकतो, घराला टिकत न्हाई." कारण लग्नाच्या टाइमाला मी त्यांच्या भिंतीवर डिस्टेंपरनं 'सुस्वागतम' काढल्तं, ते पहिल्या पावसात खाली आलं. चोवीस वर्षं! एका 'सुस्वागतम'साठी चोवीस वर्षं!

तर गेले मामा. मागच्या साली. झोपेतच गेले. मेहुण्यानं फोन केला तेव्हा मी शिडीवर होतो, मला दुःख झालं का इचारा! शिडीवरून उतरेपर्यंत तर न्हाई झालं. उतरल्यावर बायकोचं तोंड बघितलं, मंग झालं थोडं.

वर्षश्राद्ध जवळ आलं आन सासूबाई, म्हणजे उषाबाई, म्हणजे आमच्या मामी, हट्टाला पेटल्या. "मला ह्यांचा फोटो पायजे भिंतीला. पाणी सोडायला, गंध लावायला माणूस नको का समोर?" आता मामींचं बी सांगून ठेवतो, ध्यानात ठेवा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नुसतं काळं-पांढरं कळतं. ऑपरेशन म्हणलं की रडती. दुधाचं पातेलं आन देवाचा तांब्या हातानं चाचपून ओळखती. आन हातात सदान् कदा ओलं फडकं! सकाळी आंघोळ झाली की देव पुसणार, फोटो पुसणार, कॅलेंडर पुसणार, टीव्ही पुसणार, चालू टीव्ही! एकदा मी चार्जिंगला लावलेला जुना मोबाइल पुसला, तो आजून मुका हाये. दिसत न्हाई म्हणून सगळं मळकं वाटतं तिला, आन मळकं वाटतं म्हणून पुसती.

फोटो कुठाय? मामांचा फोटोच न्हाई! एक आधार कार्डावरचा, त्यात मामा मामाच न्हाई दिसत, पोलिसानं धरून आणल्यावाणी दिसतेत. दुसरा रिटायरमेंटचा, त्यात हार नाकापर्यंत, वर नुसते डोळे, तोंड बांधून पळून चालल्यावाणी. मेहुणा फ्लेक्सवाल्याकडं गेल्ता. तो म्हणला, "काका, आधारचं तोंड घेऊ, खाली कोटाचं धड लावू, मागं काश्मीर देऊ." मामाच्या मागं काश्मीर! जो माणूस जालन्याच्या पुढं कधी गेला न्हाई आन गेला तर लघवीला बी घरी येऊन बसला, त्याच्या मागं काश्मीर!

मला राहवलं न्हाई. भरल्या घरात, सगळ्या भावकीसमोर मी म्हणलं, "फ्लेक्स न्हाई लागायचा या घराला. मामाला मी काढतो. हातानं!"

मेहुणा म्हणला, "दाजी, तोंड हाये ते, बोर्ड न्हाई."

आन तुम्हाला सांगतो, तिथंच मपल्या डोक्यात ते घुसलं. ऑइलपेंटमधी न्हाईच काढायचं! जिवंतपणी ज्या माणसानं मपल्या वासाला नाक धरलं, त्याला बिनवासाच्या रंगातच भिंतीवर चढवायचं. वॉटरकलर! घे मामा, घे हुंगून! मला एवढंच पायजे होतं, खरं सांगतो. त्या भिंतीवर मपलं चित्र, चित्रात तो म्हातारा, आन खाली पंगतीत मी. आतल्या पंगतीत. दारात न्हाई.

पण वॉटरकलर येतो कोणाला? शाळेत असताना इनायत सर होते आमचे ड्रॉइंगचे. आता ऐंशीच्या घरात. गेलो. दार उघडलं, बघितलं मला वरपासून खालपर्यंत. "कौन? वो मुतारीवाला भारत?" म्हणलं, हौ सर. "हौ, मैं रोज पढ़ता तुम्हारा काम. दूसरा कुछ पढ़ने कू है नहीं वहाँ."

पहिला कागद घेऊन गेलो ना, सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मी आपली बोर्डाची पद्धत, पहिल्यांदा काळी आउटलाइन, मंग आत रंग भरला, दाबून! सर म्हणले, "ये ससुर है क्या दुकान? नीचे प्रोप्रायटर लिखना रह गया ना." मंग मी म्हणलं, सर, मिशी पांढरी हाये, टोपी पांढरी हाये, सदरा पांढरा हाये, तर तेवढा पांढरा रंग सांगा कोणता घ्यायचा. सरांनी मपल्याकडं असं बघितलं, मी जसं त्यांच्या घरात बिनचपलेचं यायचं सोडून म्हैस घेऊन आलो! "सफेद लगाते नहीं रे. सफेद कागज का है. उसको छोड़ते."

आता सांगा! आमच्या धंद्यात पांढरा म्हणजे देव! चुकलं की पांढरं मारा, नाव बदललं की पांढरं मारा, पार्टनर पळाला की त्याच्या नावावर पांढरं मारा! आन हितं म्हणे सोडायचं! अहो पण हा सासराच पांढरा हाये टोपीपासून धोतरापर्यंत! सगळं सोडलं तर मी काढू काय? नाक? सर म्हणले, "हौ. जितना कम करोगे, उतना दिखेगा. लगाओ और हाथ पीछे. पानी को अपना काम करने देव."

पानी को अपना काम करने देव! हे वाक्य ध्यानात ठेवा बरं का. ह्या वाक्यानं मपलं वाटोळं केलंय.

कारण पाणी कुठाय? आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी, तो बी करंगळीएवढा! सर म्हणले दोन भांडी घ्या, एक ब्रश धुवायला, एक चोख पाण्याचं. घरी येऊन शिवकन्येला सांगितलं. शिवकन्या म्हणजे मपली बायको, बापाचा काटा वारशात तिलाच आलेला. ती म्हणली, "पेला एक भेटंल. धुवायचं त्यातच, रंगवायचं त्यातच. आन ते फेकायचं न्हाई, मोरीत ठेवायचं, संडासाला चालतं." दोन महिने, तुम्हाला सांगतो, दोन महिने मामा पेल्यापेल्यानं तिकडंच जात होते! पोरीनं एकदा इचारलं, "पप्पा, आज पाणी तांबडं काहून?" म्हणलं, आज तुझ्या आजोबाचे गाल केलते बेटा.

मंग बोरचं पाणी घेतलं. बोरचं पाणी म्हणजे अर्धं पाणी, अर्धा चुना! चित्र वाळलं आन मामाच्या गालावर पांढरे कडे, पापडावर मीठ फुटावं तसे. सरांकडं नेलं. सर खूश! "लोगां गीले रंग पे नमक छिड़क के ये इफेक्ट लाते. तुम्हारे कू बोर से मुफत में आ रा!" मंग परत खाली बघून, "मगर ससुर कू खाज हो गई रे." झालं, जारचं पाणी आणलं. फिल्टरचं. शिवकन्या कमरेवर हात ठेवून उभी. "आम्ही बोरचं पिऊन मुतखडे करून घ्यायचे, आन तुम्ही जारचं पाणी कागदाला पाजा!" म्हणलं, अगं तुझ्याच बापाच्या तोंडाला लावून राह्यलो! तर म्हणती, "शेवटच्या दिवशी तुम्ही लावलं असतं तर राहिले असते."

असं हाये. आन रंग कालवायला तिचा मिसळणाचा डबा घेतल्ता, सात वाट्या, बराबर सात रंग! हळदीच्या वाटीत पिवळा ठेवला, आता ज्याला कळलं न्हाई तो काय माणूस न्हाई का? तिनं हळद समजून तोच वरणात टाकला, दोन दिवस रंगाचं वरण खाल्लं. त्याचं बी मपल्यावरच!

मंग मिशी. मिशी म्हणजे मामांचा जीव! पांढरीशुभ्र, तूप लावलेली. ती सोडायची कशी? ब्रश जरा इकडं गेला की मिशी काळी. सर म्हणले, "रबर का एक पानी आता, उससे सफेद ढाँक देते, बाद में निकाल देते. हमारे इधर नहीं मिलता." रबर म्हणलं की मला काय आठवणार? पंक्चरवाला! ट्यूबला लावायचं सोल्युशन आणलं आन मामाच्या मिशीवर चोपडलं. दणकून! वरून अख्ख्या तोंडाला रंग दिला, वाळू दिला, आन मंग सोल्युशन काढायला कोपरा उचलून असं खेचलं... अहो ते पंक्चरचं सोल्युशन हाये, ट्रॅक्टरचं ट्यूब सोडत न्हाई ते! मिशी आली, वरचा ओठ आला, एक नाकपुडी आली, मपल्या हातात! शिवकन्या नेमकी दारात. किंचाळली. "आबांच्या मिशीला जिवंतपणी कोणी बोट लावलं न्हाई!" म्हणलं, माहीत हाये, म्हणूनच मेल्यावर लावलं. चुकून निघून गेलं तोंडातून. दोन दिवस भाकर दुरडीतून आपल्या हातानं घ्यावी लागली.

आन ब्रश! मपले ब्रश बोर्डाचे, राठ, डुकराच्या केसाचे. वॉटरकलरला पायजे मऊ, पाणी पिणारा. सर म्हणले, "गिलहरी के बाल का." मी आता खार धरत फिरू का ह्या वयात? एक दिवस शिवकन्येनं माहेराहून आणलेली पिशवी उघडली, बापाची आठवण म्हणून, त्यात मामांचा दाढीचा ब्रश! मऊ! असा जाड! ती गिरणीत गेली की मी तो घ्यायचो, जारच्या पाण्यात बुडवायचो आन कागदावर एकच हात... अहाहा! सपाट रंग, एक डाग न्हाई, एक रेघ न्हाई! चोवीस वर्षांत पहिल्यांदा सासरा कामाला आला.

पण कागद टिकंना. दुकानातला कागद, पाणी लागलं की पापडावाणी फुगतो, घासलं की लोकर निघती. चौतीस मामा झाले, तुम्हाला सांगतो! चौतीस! काही बिनमिशीचे, काही खाजेचे, एक हिरवा. श्राद्धाला चार दिवस राहिले आन मी सरांकडं जाऊन म्हणलं, सर, न्हाई जमत. मामा बराबर म्हणत होते. फ्लेक्स काढून घेतो. काश्मीरसकट.

सर उठले, कपाटाच्या मागून एक कागद काढला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. जाड. कापसाचा. हात लावला तर कपडाच वाटला. म्हणले, "बीस साल से रखा हूँ. हमारी सबिहा की तस्वीर बनानी थी इसपे. आज बनाता, कल बनाता... वो गई. अब मेरा हाथ हिलता." आन दाखवला हात. खरंच हलून राह्यला होता. मी बाहीनं डोळे पुसले. तर लगेच म्हणले, "रोना नक्को उसपे. एक ही है. दूसरा बिगाड़ने कू मेरी दूसरी बीवी नहीं है."

तिथंच बसलो. सरांच्या ओट्यावर, भर दुपारी. कागद ओला केला, मामांच्याच ब्रशनं. टोपी सोडली. मिशी सोडली. सोडली, म्हणजे हात आवळून धरला आन सोडली! गाल आले, कपाळ आलं. आन तेवढ्यात ब्रशातून एक थेंब पडला. डाव्या डोळ्याखाली! काळपट, मोठा, आन लागला पसरायला! मी फडकं घेऊन झडपच घातली, तर सरांनी मपलं मनगट धरलं, त्या हलत्या हातानं! "हाथ पीछे! पानी को अपना काम करने देव!"

दोघं बघून राह्यलो. तो थेंब हळूहळू पसरला, कडेला थांबला, वाळला. आन तुम्हाला सांगतो, मामांच्या डोळ्याखाली ती जी पिशवी होती ना, काट्यावर जागून जागून आलेली, ती आली! आपोआप! आन ती आल्याबरोबर त्या डोळ्यात ते आलं. ती नजर. पाचट वजा करणारी! कागदावरून मला खालून वर बघून राह्यले मामा! मी दचकून मागं सरकलो, दाराकडं.

घरी आणलं. शिवकन्या भांडे घासून राह्यली होती, राखेच्या हातानंच आली, बघितलं. मला म्हणली, हळूच, "अहो, चड्डीवर काय बसलात आबांसमोर? पायजमा घाला." आन आत गेली ती अर्धा घंटा बाहेरच न्हाई आली. मला लई बरं वाटलं. खोटं न्हाई बोलत, लई बरं वाटलं. मी पायजमा घातला आन मामाच्या नाकाजवळ गेलो, म्हणलं, मामा, येतो का वास? घ्या! घ्या भरून!

आता काच. सर म्हणले होते, "काँच लगा लेव." मीच म्हणलं न्हाई. अहो, काचेमागं गेलं की कोणाला कळणार हातानं काढलंय? मेहुणा म्हणणार, फ्लेक्सवाल्यानं बरा काढला! तीस वर्षांत मशीननं मपला धंदा खाल्ला, आता हे बी तिच्याच नावावर चढवू? लोकांना कागद दिसला पायजे, ब्रशचा हात दिसला पायजे, थेंब दिसला पायजे! नुसती चौकट मारली, लाकडाची, वर काही न्हाई. सर म्हणले, "मग्रूरी है ये." म्हणलं, हौ, हाये. एकदा तर करू द्या!

एसटीनं नेलं. भोकरदन-जालना, जालना-परतूर, परतूर-आष्टी, सगळा रस्ता मांडीवर, चादरीत. वर्षश्राद्ध झालं. भिंतीला लावलं, चादर काढली, आन सगळी भावकी उठून उभी! एक म्हातारा तर रामराम करून बसला चित्राला! मेहुणा जवळ गेला, लांब गेला, म्हणला, "दाजी... आबाच की हो." मामी पुढं आल्या. भिंतीशी उभ्या राहिल्या, चित्राकडं तोंड करून, आन पदर तोंडाला लावून अशा रडल्या, अशा रडल्या! "जावईबापू, मपला माणूस आणून दिला तुम्ही मला." मपला हात धरला. आन पंगत बसली, तर मेहुणा सोता म्हणला, "दाजी, तिकडं कुठं दाराकडं? वर बसा, इकडं, आबांखाली." बसलो! बराबर चित्राखाली, पहिलं ताट! चोवीस वर्षं, आठ धोंडे, चौतीस सासरे, तेव्हा ती एक जागा भेटली. दारातलं कुत्रं मपल्याकडं बघून राह्यलं होतं. मी त्याला बघितलंच न्हाई असं केलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुमचं डोकं खायला बसलो असतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ओट्यावर दात घासून राह्यलो. आतून मामींचा आवाज. आंघोळ झालेली, देवाला बसलेल्या, रोजच्यावाणी. "शिवकन्ये! अगं, ह्यांचं तोंड लई मळलंय गं! पुसून राह्यले तर फडक्याला काळंच लागून राह्यलंय!"

मपल्या हातातला ब्रश खाली पडला. दाताचा.

पळालो. उंबऱ्याला ठेचाळलो. आतून आवाज चालूच! "कारखान्याची मळी हाये ही... जिंदगीभर आंगावर घेतली माणसानं... थांबा हो, निघती... निघून राह्यली..." आन घसाघसा, घसाघसा! जाऊन बघतो तर फडकं काळं, पाणी काळं, आन भिंतीवर... टोपी होती तिथं पांढरं, मिशी होती तिथं पांढरं, आन तोंड होतं तिथं बी पांढरं! नुसता एक डोळा राहिला होता. डावा. थेंबाचा. त्यानं मला एकदा खालून वर बघितलं आन मामींनी फडकं पिळून त्याच्यावरून बी फिरवलं.

मंग बोट बुडवलं अष्टगंधात आन त्या कोऱ्या कागदाच्या मधोमध बराबर टिळा लावला. हात जोडले. आन मपली चाहूल लागली तशा वळल्या, हसल्या. चोवीस वर्षांत अशा कधी हसल्या न्हाई. "जावईबापू, काल जरा काळपट झाल्ते हे. आता बघा कसे निघाले! लग्नात असेच गोरे होते."

शिवकन्या मपल्या मागं उभी. तिच्या हातात चहाचा कप. तिनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. सांगून काय करता? सांगा ना! त्या बाईनं आपल्या हातानं आपला नवरा दुसऱ्यांदा घालवला, हे सांगू तिला? आन मंग मपल्या डोक्यात आलं... ती काल रडली ती काय बघून? तिला ते तोंड काल बी दिसलं न्हवतं! लोकं वा वा म्हणले म्हणून ती रडली! आख्ख्या घरात जिच्यासाठी काढलं, तिनं ते बघितलंच न्हाई. तिला काल होतं आन आज न्हाई यात काहीच फरक न्हाई!

मेहुणा उठून आला. बघितलं. जरा येळ डोकं खाजवलं, आन काय बोलला माहीत हाये? "आबा म्हणायचेच, घराला टिकत न्हाई." मुतारीवरचा पुरुष एकोणीस वर्षं टिकला, घरातला एक दिवस न्हाई टिकला! आन आठवडा झाला, घरात ताकीद हाये, मामीला कोणी सांगायचं न्हाई. येणारा-जाणारा त्या कोऱ्या कागदाला हात जोडतो. काय करंल? मामी उभी असती ना शेजारी, "कसे दिसून राह्यले?" म्हणून इचारती. एक बाई म्हणली बी, "लई शांत वाटतेत." वाटणारच की, बिलकुल शांत!

सरांकडं जायची हिंमत होईना. पण गेलो. मोबाइलमधी फोटो दाखवला. सरांचा बीस सालाचा कागद! म्हणलं आता मारतेत. सरांनी बघितलं, लई येळ बघितलं. मंग मोबाइल परत दिला आन म्हणले, "भारत, सफेद छोड़ना आ गया तुमकू." आन दार लावून घेतलं.

काल मामींचा फोन आल्ता. म्हणल्या, "जावईबापू, मपला बी काढून ठेवा हो. मपलं काय, पिकलं पान. ह्यांच्या शेजारी लावायला. पण मला पहिल्यापासूनच तशी गोरी काढा, मागून पुसायला लावू नका कोणाला." हौ म्हणलं मामी, काढतो. काढतो म्हणजे काय, तयारच हाये, कागद आणून ठेवलाय, त्याला आता मी बोट बी लावणार न्हाई, तसाच चौकटीत बसवतो... आन ह्या टाइमाला काच लावतो.